पुढच्या यानाला गाठताना

मी पेण सोडलं त्या सकाळी आबा कारखान्यातून थेट एसटी स्टँडवर आले. हातांवर शाडू वाळून पांढरा पडला होता, म्हणून त्यांनी माझ्या बॅगेला हात लावला नाही. बॅग गाडीत चढवली ती नलीनं, माझ्या धाकट्या बहिणीनं. आई खिडकीखाली उभी राहून पुऱ्या किती दिवस टिकतील आणि चिवडा कधी उघडायचा ते सांगत होती. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा आबा पुढे आले आणि म्हणाले, "गणपतीच्या आधी महिनाभर ये. आखणीला मी एकटा पुरा पडणार नाही."

मी हो म्हटलं. गाडी सुटल्यावर म्हटलेला तो हो त्यांना ऐकू गेला की नाही, याची काळजी मला पनवेलपर्यंत पुरली.

हे लिहितोय ते घरी राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखंच गाव सोडून कुठेकुठे जाऊन पडलेल्यांसाठी. मला सगळं नीट सांगता येत नाही. घडलं तसं सांगतो.

आमचा गणपतींचा कारखाना. साचे, मूर्ती, रंग यात तीन पिढ्या गेल्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते काम आबांचं, आणि त्यांच्यानंतर माझं, असं ठरलेलं होतं. नली रंग कालवायची, शेला-पितांबर रंगवायची. डोळ्यांच्या कुंचल्याला तिनं हात लावायचा नाही, असा आबांचा नियम होता. २००४ सालच्या सुरुवातीला चेन्नईचे एक कंत्राटदार, सेल्वम, साचेकाम करणारा माणूस शोधत पेणला आले. एका विज्ञान केंद्रासाठी त्यांना दालन उभारायचं होतं. माझं फायबरचं काम त्यांनी तासभर उभं राहून पाहिलं आणि जाताना कार्ड ठेवून गेले. मी चोवीस वर्षांचा होतो. आळीतल्या साठ कारखान्यांत साठ माणसं तेच करत होती, आणि मला दुसरं काहीतरी करून बघायचं होतं. एवढंच कारण होतं. आबांना ते कारण वाटलंच नाही.

चेन्नईत मी तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहिलो. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांची चार मजली चाळ. खोलीत खाट, खिळा आणि पंखा. पहिला महिनाभर मला त्या भागाचं नावही धड उच्चारता येत नव्हतं. बसमध्ये कंडक्टरला खिशातली चिठ्ठी दाखवायचो. अड्यारला कामावर जाताना थांबे बोटांवर मोजायचो, एक चुकला तर कुठे जाऊन पडेन या धास्तीनं. कामावर कुणी माझ्याकडे बघून हसलं की वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय आणि ते आपल्याला कळणार नाहीये.

दालन होतं माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला त्या वर्षांचं. त्यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. पहिलं काम दोन पुरुष उंचीच्या रॉकेटचं. ते एकसंध करायचं नव्हतं. खऱ्या रॉकेटात खालच्या टप्प्यातलं इंधन संपलं की रिकाम्या नळकांड्याचं ओझं कशाला वाहायचं, म्हणून ते तोडून टाकतात आणि वरच्या टप्प्याचं इंजिन पेटतं. तो संपला की तोही सोडायचा, आणि कक्षेत राहतं ते एवढंसं यान, आत माणसं. आमच्या नमुन्यात बटण दाबलं की खालचा टप्पा सुटून हातभर खाली सरकायचा. हे जमलं. सेल्वम सरांनी पाठीवर थाप मारली.

दुसरं काम कठीण होतं. कक्षेत फिरणाऱ्या दोन यानांची भेट दाखवायची होती. सरांनी दिलेल्या चित्रात पृथ्वीचा अर्धा गोल, त्याभोवती एक गोल रूळ, रुळावर पुढे एक यान आणि मागे एक. बटण दाबलं की मागचं वेग घेतं आणि पुढच्याला जाऊन चिकटतं. मी तसं केलं. एकदा यान चिकटत नव्हतं, तेव्हा मी वैतागून एक शिवी हासडली.

"शिवी मराठींत देतां, म्हणजे आपलेच कीं," मागून कुणीतरी म्हणालं.

ते भीमराव मास्तर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, दालनातला मजकूर तपासायला आठवड्यातून दोनदा यायचे. राहायला माझ्या मॅन्शनच्याच गल्लीत, हे मला नंतर कळलं. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले ते इकडचेच झाले. त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, मध्येच तमिळ शब्द, आणि सूर तर पूर्ण तमिळ. पण चार महिन्यांत समोरासमोर ऐकलेली ती पहिली मराठी होती. पेण म्हणजे कोठें आलें, जेवण कोठें करतां, आई आहे नां, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग माझा नमुना एकदा चालवायला लावला.

"हें चुकलें आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी मला बाकावर बसवून सांगितलं. चाळीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेची दोन माणसं एका यानातून वर गेली. त्यांच्याच रॉकेटचा सोडलेला टप्पा त्यांच्याजवळ तरंगत होता. त्याला गाठून बघा, असं काम होतं. टप्पा डोळ्यांना दिसत होता, त्यावरचे दिवे लुकलुकत होते. वैमानिकानं यानाचं तोंड त्याच्याकडे केलं आणि इंजिन पेटवलं. आपण जमिनीवर करू तेच. तो जवळ येण्याऐवजी लांब गेला. पुन्हा पेटवलं, तो आणखी लांब. जवळजवळ अर्धं इंधन संपलं, तेव्हा नाद सोडला.

"कक्षेंत यान पुढें ढकललें तर तें वरती जातें," मास्तर म्हणाले. "वरती गेलें कीं फेरा मोठा, चाल मंद, तें मागेंच पडतें. पुढच्याला गाठायचें तर आधीं वेग कमी करून खालीं उतरावें लागतें. खालचा फेरा लहान आणि जलद. तेथून पुढें यावें, मग हळूहळू चढावें."

सहा महिन्यांनी दुसऱ्या दोघांनी तसंच केलं, आणि दोन यानं एकमेकांपासून हातभर अंतरावर आली. खिडकीतून पलीकडच्यांची वाढलेली दाढी दिसेल इतकी जवळ.

मला ते पटायला दोन दिवस लागले. पटल्यावर झोप उडाली. सेल्वम सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "परवायिल्ले." म्हणजे असू दे, चालतं. मुलं बटण दाबतील, यान जाऊन चिकटेल, टाळ्या वाजतील. उद्घाटनाला पाच आठवडे उरलेत, कोण बघतंय? ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोक्यावर तारीख होती.

पण मी ज्या घरात वाढलो तिथे मूर्तीची सोंड जरा चुकली तर आबा ती मूर्ती पाण्यात टाकून पुन्हा माती करायचे. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. चुकलेलं काम आपल्या हातून बाहेर जाणार, आणि वर्षानुवर्षं पोरं ते बघून तसंच शिकणार, या विचारानं मला घास जाईना. दुसरीकडे भीती होती की फार बोललो तर काढून टाकतील. पेणला तोंड कसं दाखवू? तरी मी सरांना म्हटलं की मला पुन्हा करू द्या, तारीख चुकवणार नाही. बाकीचं काम थांबता कामा नये, या अटीवर ते कबूल झाले.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की यातलाच गणपतीच्या आधीचा महिना मी आबांना देऊन बसलो होतो.

एसटीडी बूथवरून फोन केला. आबाच आले फोनवर. मी म्हटलं, काम निघालंय, या वर्षी येणं होत नाही. कसलं काम, का, हे काहीच सांगितलं नाही. खाली उतरून पुढे जायचं असतं हे फोनवर कसं सांगणार? ते म्हणाले, "ठीक आहे," आणि फोन आईकडे दिला.

मी रूळ काढून टाकला. मधोमध दोन दांडे बसवले, एक लांब, एक आखूड. लांब दांड्यावर पुढचं यान संथ फिरायचं, आखूड दांड्यावर मागचं खालून जलद यायचं. आखूड दांड्याखाली एक चढती पट्टी होती. शेवटच्या वळणावर दांड्याचं चाक तिच्यावर चढलं की दांडा बाहेर सरकायचा आणि यान वरच्या फेऱ्यात येऊन भिडायचं. निदान तसं व्हायला हवं होतं. दमट हवेनं दांडे फिरवणारे पट्टे सैल पडायचे, आणि यान कधी बोटभर मागे राहायचं तर कधी पुढे निघून जायचं. गणेश चतुर्थीच्या सकाळी मी तिथे जमिनीवर उताणा पडून पट्टा ताणत होतो. पेणला आरत्या चालल्या असतील, या विचारानं दोनदा हात थांबला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी ती दोन यानं लागोपाठ वीस वेळा भेटली. मास्तरांनी वीसही वेळा बोटावर मोजलं.

उद्घाटन पार पडलं. मुलं बटणावर तुटून पडली. सरांनी पुढचंही काम मला दिलं आणि त्यासाठी कोवलमला, मच्छीमारांच्या गावाजवळ, एक शेड घेतली. सगळं छान झालं होतं. फक्त आबा फोनवर येत नव्हते. दर रविवारी आई बोलायची, नली बोलायची. आबा कुठेयत विचारलं की कारखान्यात. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी सकाळी मी कोवलमच्या शेडमध्ये होतो. आधी बायकांचा ओरडा ऐकू आला, मग माणसं रस्त्याकडे धावताना दिसली. मी दाराशी आलो तोवर पाणी घोट्याला लागलं, आणि ते परत जात नव्हतं, वाढतच होतं. मी पळालो. रस्त्याच्या पलीकडे उंचावर गेल्यावर मागे पाहिलं तर होड्या झोपड्यांवर चढल्या होत्या. त्याविषयी जास्त लिहीत नाही. ज्यांची माणसं गेली त्यांचं ते आहे. दोन दिवस मी तिथेच राहिलो. कुणाची भांडी गोळा केली, एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं. पुन्हा पाणी येतंय अशी आवई उठली की सगळ्यांबरोबर पळायचो. बस बंद होत्या, फोन मुके होते. पेणला टीव्हीवर काय दिसत असेल हे मला कळत होतं, आणि मी जिवंत आहे एवढे तीन शब्द पाठवायला वाट नव्हती.

मंगळवारी सकाळी एका ट्रकनं मला अड्यारला सोडलं. तिथून फोन लागला. नलीनं उचलला. माझा आवाज ऐकताच म्हणाली, "दादा, आबा तिकडे निघालेत. कालच."

आबांनी मॅन्शनवर फोन लावला तेव्हा कुणीतरी तमिळमध्ये बोललं, त्यांना त्यातला कोवलम एवढा एकच शब्द कळला, आणि टीव्हीवर तेच नाव दिसत होतं. जन्मात पुण्याच्या पुढे न गेलेला माणूस आरक्षणाशिवाय गाडीत बसला होता. कुठल्या गाडीत, ते नलीला माहीत नव्हतं.

मी थेट सेंट्रल स्टेशनवर गेलो. मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी पाहिली, आबांच्यासारख्या प्रत्येक पांढऱ्या टोपीमागे धावलो. वाटायचं, ते या दारानं गेले आणि मी त्या दारात उभा आहे. दुपार उलटली. ते कोवलमला निघाले असतील तर? तिथल्या चिखलात मला हाका मारत फिरत असतील तर? शेवटी मॅन्शनवर निरोप ठेवून मग कोवलमला परत जायचं ठरवलं आणि तिरुवल्लिकेणीची बस धरली.

मॅनेजरनं मला पाहिलं आणि नुसतं गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं. मास्तरांच्या घराकडे.

आबा तिथे ओट्यावर बसले होते. दुपारी पोचले होते आणि पोचल्यापोचल्या कोवलमला निघाले होते. मॅनेजरनं मराठी बोलणारे म्हणून मास्तरांना बोलावून आणलं, आणि मास्तरांनी त्यांचा हात धरून ठेवला होता. "दोघेही फिरूं लागलांत तर दोघेही हुकाल. एकानें एका जागीं थांबावें," असं ते आबांना चार तास सांगत होते, हे नंतर कळलं.

मी समोर जाऊन उभा राहिलो. आबांनी मला डोक्यापासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर पायांवर थांबली.

"या चपला कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. एक चप्पल निळी, एक तपकिरी. कुणाच्या होत्या, मला माहीत नव्हतं. तसं सांगायला गेलो आणि मला रडू कोसळलं. आबांनी माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवला. तो हात थरथरत होता. वाटलं, घाबरलेत. पण मास्तरांच्या सुनेनं कॉफी आणली तेव्हा त्यांनी पेला डाव्या हातानं घेतला, आणि उजवा मांडीखाली दाबून धरला.

केव्हापासून, मी विचारलं.

"वैशाखापासून."

म्हणजे गणपतीच्या चार महिने आधीपासून. म्हणून त्यांना मी हवा होतो. त्यांनी ते सांगितलं नव्हतं, आणि मी का येत नाही ते मी सांगितलं नव्हतं. या वर्षीची आखणी नलीनं केली, ते म्हणाले. दार लावून करायची. गिऱ्हाइकांना वाटलं, आबांचाच हात. "काही डोळे माझ्यापेक्षा बरे निघाले," ते म्हणाले.

दोन दिवसांनी मी त्यांना दालन दाखवायला नेलं. रॉकेटपाशी ते थांबले, जवळ जाऊन बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "दिनू, सांधा दिसतोय रे."

"तो दिसायलाच हवा, आबा. तिथूनच तुटतो."

ते त्यांना मुळीच आवडलं नाही. मग यानांपाशी आलो. मी बटण दाबलं, आणि मास्तरांनी मला सांगितलं होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं, ऑगस्टात फोनवर सांगायला हवं होतं ते. त्यांनी पुन्हा चालवायला लावलं. पुन्हा. शाळेची मुलं मागे खोळंबली तरी हलले नाहीत. "पुढे जायला मागे यायचं, हे मला पटत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण लागतं बरोबर." मग थोड्या वेळानं, "यासाठी राहिलास होय," इतकंच.

ते परत गेले. मीही दरवर्षी गणपतीला महिनाभर पेणला जाऊ लागलो. आखणीचा कुंचला नलीकडेच राहिला आणि मी साच्यांचं पाहायचो. आबांनी एक सवय लावून घेतली. दर रविवारी स्वतः फोन करायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "समुद्र कसा आहे?" मी म्हणायचो, शांत आहे. मी विचारायचो, हात कसा आहे? ते म्हणायचे, बरा आहे. मी तोवर अड्यारला राहायला आलो होतो, आणि बहुतेक रविवारी समुद्राकडे पाहिलेलंही नसायचं. भरतीच्या आवाजानंही मला दचकायला व्हायचं, म्हणून मी तिकडे जातच नव्हतो. आणि त्यांना स्वतःच्या हातानं जेवता येत नव्हतं, हे मला नली नंतर सांगणार होती. इतकं होऊनही आम्ही दोघं एकमेकांना जपायला खोटंच बोलत राहिलो.

तीन वर्षांनी आबा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ते मी अजून मनाशी नीट मांडू शकलेलो नाही.

आता माझं लग्न झालंय, मुलगी मला अप्पा म्हणते, मराठीत विचारलेल्याला तमिळमध्ये उत्तर देते. पेणचा कारखाना नलीच्या नावानं चालतो. तो माझ्यावाचून चालतो, याचं कधी बरं वाटतं, कधी नाही. पुष्कळ दिवस मला वाटायचं, आपलं घर आता दोन्हीकडे नाही. इथे मी तिकडचा, तिकडे इथला.

मागच्या नोव्हेंबरात चेन्नईला वादळ आलं. तीन दिवस पाऊस, वीज गेलेली, आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी. मुलगी माझ्या मांडीवर अंग चोरून बसली होती. दुपारी फोन वाजला. नली होती.

"दादा, समुद्र कसा आहे?"

माझ्या तोंडाशी सवयीनं उत्तर आलं होतं. पण मी म्हटलं, "चांगला नाही, नले. मला भीती वाटतेय."

तिकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "बसले मी. सांग."